ट्विनचं एक इंजिन गेलं तर: पहिलं अर्धं मिनिट

निळी_रेघ

मंडळी, गेली काही वर्षं मी सेनेका या छोट्या ट्विनवर (दोन इंजिनांच्या विमानावर) मल्टी-इंजिन रेटिंगसाठी, म्हणजे अशी विमानं उडवण्याच्या परवान्यासाठी, मुलं तयार करतोय. परवा जे झालं त्यावरून हा धागा काढावासा वाटला.

विद्यार्थी हुशार आहे. रनवेच्या तोंडाशी थांबून त्याने टेकऑफ ब्रीफिंग दिलं, घडाघडा, एक शब्द इकडचा तिकडे नाही. "गिअर आत, वेग निळ्या रेघेवर, इंजिन गेलं तर दिशा सांभाळणार, कुठलं गेलं ते ओळखणार, खात्री करणार, फेदर करणार." (गिअर म्हणजे चाकं. निळी रेघ म्हणजे वेगाच्या मीटरवरची खूण, एका इंजिनावर सगळ्यात चांगली चढण देणारा वेग. फेदर म्हणजे बंद इंजिनाच्या प्रोपेलरची पाती वाऱ्याला धारेवर उभी करणं.) मी म्हटलं, ब्रेक दाबून ठेव, डोळे मिट आणि डाव्या प्रोपेलरचा लिव्हर धर. त्याचा हात गेला लाल मुठीवर, म्हणजे मिक्श्चरवर, आणि तीही उजव्या इंजिनाची. डोळे उघडल्यावर चटका बसावा तसा त्याने हात मागे घेतला. आम्ही तसेच टॅक्सी करून परतलो, इंजिनं बंद केली आणि पाऊण तास त्या सहा लिव्हरांवर नुसता हात फिरवत बसलो. दोन काळे थ्रॉटलचे (इंजिनाचा जोर), दोन निळे प्रोपेलरचे (पात्यांचा कोन), दोन लाल मिक्श्चरचे (इंधन-हवेचं मिश्रण).

आता जे या क्षेत्रातले नाहीत त्यांच्यासाठी थोडं मुळापासून सांगतो.

दोनातलं एक इंजिन गेलं की निम्मी ताकद गेली, हे बरोबर. पण विमान वर चढतं ते सरळ उडायला लागणारी ताकद वजा जाता उरलेल्या ताकदीवर. घरात नवरा-बायको दोघं पन्नास-पन्नास हजार कमावतात आणि घरखर्च बेचाळीस हजार आहे असं धरा. शिल्लक अठ्ठावन्न हजार. एकाची नोकरी गेली की कमाई निम्म्यावर येते, शिल्लक मात्र आठ हजारांवर. सेनेका-२ चं मॅन्युअल उघडून बघा: पूर्ण वजनाला, समुद्रसपाटीला, दोन्ही इंजिनांवर मिनिटाला १३४० फूट चढतं. एका इंजिनावर २२५. म्हणजे ८० टक्क्यांहून जास्त चढण गेली.

ते २२५ सुद्धा कधी मिळतं? गिअर आत, फ्लॅप वर, बंद इंजिनाचा प्रोपेलर फेदर केलेला, वेग बरोबर ८९ नॉट आणि पायलटच्या हाताला चूक माहीत नाही अशा स्थितीत. ८९ नॉटला विमान मिनिटाला साधारण नऊ हजार फूट पुढे जातं. शंभर फूट वर जायला चार हजार फूट, म्हणजे सव्वा किलोमीटर जमीन लागते. रनवेच्या टोकापासून सव्वा किलोमीटरवर काय उभं आहे, हे तुमच्या तुमच्या फील्डवर जाऊन पाहून या.

मला इथे कळकळीने एकच सांगायचंय. इंजिन गेल्यावर काय करायचं हा निर्णय इंजिन गेल्यावर घ्यायचा नसतो. थ्रॉटल पुढे सरकवण्याआधीच तो घेऊन ठेवायचा. माझ्या मुलांकडून मी तो असा वदवून घेतो: चाकं जमिनीवर असताना काहीही वेगळं जाणवलं, तर दोन्ही थ्रॉटल मागे आणि ब्रेक. हवेत आहे पण गिअर अजून खाली आणि पुढे रनवे शिल्लक, तर दोन्ही थ्रॉटल मागे आणि समोरच उतरायचं. गिअर आत घेतलाय आणि वेग निळ्या रेघेवर आहे, तरच पुढे जायचा विचार, आणि तोही त्या दिवशीच्या तापमानाला आणि वजनाला विमान एका इंजिनावर चढतं हे सकाळी कागदावर काढलेलं असेल तर. चढत नसेल, तर चालू इंजिनसुद्धा मागे घ्यायचं आणि समोर जे शेत दिसेल त्यात, विमान ताब्यात असताना उतरायचं.

इतर इन्स्ट्रक्टर आणि पायलट मंडळींनी आपापले अनुभव लिहावेत.

कपाशीचं_बोंड

दादा, मी शेतकरी माणूस. आमच्या गावावरून फ्लाइंग स्कूलची विमानं जातात, म्हणून धागा उघडला. पगाराचं उदाहरण समजलं. पण इंजिन बंद पडलं की विमान वळतं कशामुळे? बैलजोडीतला एक बैल बसला की गाडी त्याच्या अंगाला फिरते, तसंच का?

निळी_रेघ

अगदी तसंच. डावं इंजिन गेलं की उजवं एकटंच ओढतं आणि नाक डावीकडे फिरतं. तुमच्याच उदाहरणात एक भर घालतो: बसलेला बैल नुसता थांबत नाही, जू मागे खेचतो. बंद इंजिनाचा प्रोपेलर वाऱ्याने फिरत राहतो, त्याला आम्ही विंडमिलिंग म्हणतो, आणि त्याचा अडथळा फार मोठा असतो. फेदर करणं म्हणजे त्या बैलाला जुवातून सोडणं. पाती वाऱ्याला धारेवर उभी राहतात, फिरणं थांबतं, ओढ कमी होते.

गाडी सरळ ठेवायला आम्ही रडर, म्हणजे शेपटीवरचं सुकाणू, वापरतो, पायाने. आणि रडर चालतं वाऱ्यावर. वेग कमी झाला की रडरवर वारा कमी, पण चालू इंजिन तेवढ्याच जोराने ओढतंय. एका वेगाखाली पाय पूर्ण दाबूनही नाक थांबत नाही, विमान बंद इंजिनाकडे वळतं, कलतं आणि उलटं होतं. तो वेग म्हणजे व्हीएमसी, मीटरवरची लाल रेघ. सेनेका-२ ची ६६ नॉटला आहे. निळी रेघ ८९ ला, तिथे एका इंजिनावर सगळ्यात चांगली चढण मिळते. या दोन रेघांमधले २३ नॉट म्हणजे आमचं सगळं भांडवल.

कपाशीचं_बोंड

समजलं दादा. जुवातून सोडायचं लक्षात राहील.

तेलकट_हात

मी एएमई आहे, म्हणजे विमानांची देखभाल-दुरुस्ती करणारा इंजिनिअर, जमिनीवरून बोलतो. फेदरबद्दल पायलट लोक ‘लिव्हर मागे घेतला की झालं’ असं समजतात, म्हणून आतली गोष्ट सांगतो.

या ट्विनच्या हबमध्ये (प्रोपेलरच्या मधल्या भागात) इंजिनाचं तेल दाबाखाली जातं आणि पाती बारीक पिचकडे, म्हणजे कमी कोनाकडे, ढकलतं. उलट्या बाजूने स्प्रिंग आणि नायट्रोजनचा दाब त्यांना फेदरकडे ढकलत असतो. म्हणजे तेलाचा दाब गेला की पाती आपोआप फेदरकडे जातात. रचना मुद्दाम अशी ठेवली आहे, इंजिनातलं तेल संपलं तरी फेदर मिळावं म्हणून. (सिंगलमध्ये, म्हणजे एका इंजिनाच्या विमानात, बहुधा उलटं असतं, तिथे तेल गेलं की पाती बारीक पिचवर येतात.)

मग रोज संध्याकाळी इंजिन बंद करताना प्रोपेलर फेदर का होत नाही? कारण हबमध्ये लॉक पिन आहेत. फिरण्याच्या जोराने त्या बाहेर फेकलेल्या राहतात, आणि सुमारे ८०० आरपीएमच्या खाली आल्या की आत बसून पात्यांना फेदरकडे जाऊ देत नाहीत. जमिनीवर ही सोय आहे. हवेत हाच धोका आहे. इंजिन आतून जाम होत चाललंय, आरपीएम पडतायत, आणि तुम्ही चेकलिस्ट शोधताय. ८०० च्या खाली गेलात की मग निळा लिव्हर कितीही ओढा, पाती हलणार नाहीत.

आणखी एक. हबमधला नायट्रोजनचा दाब तापमानाच्या तक्त्याप्रमाणे भरायचा असतो. थंडीतल्या सकाळी मी गेज लावतो तेव्हा सुई कुठे थांबते आणि तक्ता काय सांगतो, हे दोन्ही लॉगमध्ये लिहितो. रन-अपच्या वेळी (टेकऑफआधी इंजिन चालवून तपासताना) फेदर चेक करताना पायलटने आरपीएम किती झटकन पडतात ते मन लावून बघावं. लिव्हर मागे, आरपीएम पडायला लागले की लगेच पुढे. आळसावलेला वाटला तर मला सांगा, मी रात्री थांबून बघेन. "उद्या बघू" म्हणून उडू नका.

निळी_रेघ

तेलकटभाऊ, हे ८०० चं प्रत्येक विद्यार्थ्याने वहीत लिहून घ्यावं. मनापासून आभार.

वाळवंटी_पाखरू

नमस्कार, मी मूळची नाशिकची, सध्या अमेरिकेत ॲरिझोनात ट्रेनिंग घेतेय. आमच्याकडे सेमिनोल हे ट्विन आहे. १८० हॉर्सपॉवरची दोन इंजिनं, टर्बो (उंचीवर इंजिनाला जास्त हवा पुरवणारा पंप) नाही, लाल रेघ ५६, निळी ८८. दोन्ही प्रोपेलर एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात, त्यामुळे क्रिटिकल इंजिन (जे गेलं तर विमान सांभाळणं जास्त अवघड) असा प्रकार नाही.

मला प्रश्न पडलाय तो उन्हाचा. आमचं फील्ड साधारण १५०० फूट उंचीवर. दुपारी ४२ डिग्री. त्या उंचीला प्रमाण तापमान १२ असायला हवं, म्हणजे ३० डिग्री जास्त. डिग्रीला १२० फूट धरले तर ३६०० फूट वाढले. डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवा जितक्या उंचीवरच्यासारखी पातळ झाली ती उंची, झाली ५१०० फूट, रनवेवर उभं असतानाच. सेमिनोलचं सिंगल-इंजिन सर्व्हिस सीलिंग सुमारे ३८०० फूट आहे. म्हणजे चाकं जमिनीवर आहेत तेव्हाच विमान स्वतःच्या एका इंजिनाच्या छपराच्या वर आहे. मी हे इन्स्ट्रक्टरला दाखवलं, तो म्हणाला, "बरोबर आहे, म्हणून दुपारी आपण ट्विनला सिंगल समजून उडतो." हे असंच असतं का?

निळी_रेघ

तुझा हिशोब चोख आहे आणि तुझ्या इन्स्ट्रक्टरने खरं सांगितलं. सर्व्हिस सीलिंग म्हणजे जिथे चढण मिनिटाला ५० फूट उरते ती उंची. त्याच्या वर थोडं गेलं की शून्य, आणि त्याच्याही वर विमान खालीच येणार, तू कितीही छान उडवलंस तरी.

ही फसवणूक नाही, नियमच तसा होता. ६००० पौंडांपर्यंतच्या आणि ६१ नॉट किंवा कमी स्टॉल स्पीड (ज्याखाली पंखाची उचल सुटते तो वेग) असलेल्या ट्विनने एका इंजिनावर चढलंच पाहिजे अशी अट अमेरिकेच्या पार्ट २३ मध्ये, म्हणजे छोट्या विमानांच्या मान्यतेच्या नियमांत, नव्हती. किती चढतं किंवा किती उतरतं ते मोजून मॅन्युअलमध्ये लिहा, एवढंच. मोठ्या एअरलाइनच्या विमानांना अट आहे. लोक एअरबसचा अनुभव मनात ठेवून सेनेकात बसतात, तिथे घोळ होतो.

नागपूरचा मे महिना घे. फील्ड हजारेक फुटांवर, पारा ४५. तुझ्याच सूत्राने पाच हजारांच्या आसपास येतं. सेनेकाला टर्बो आहे म्हणून इंजिन तग धरतं, पण प्रोपेलरला आणि पंखाला हवा पातळच मिळते.

सातमाळा

पंधरा वर्षांपूर्वीची माझी चूक सांगतो. आजवर लिहिली नव्हती.

मी तेव्हा नवा इन्स्ट्रक्टर. संस्थेचं नाव घेत नाही. टेकऑफनंतर तीनशे फुटांवर मी विद्यार्थ्याचा नकाशा लिव्हरांवर आडवा धरला आणि डाव्या इंजिनाचं मिक्श्चर कापलं, थ्रॉटल नाही. नाक डावीकडे गेलं. त्याने डावा पाय दाबला. मुद्दाम नाही, घाबरून. ज्या बाजूला विमान जातंय त्या बाजूला पाय गेला. डावा पंख खाली पडायला लागला. मी उजवं रडर दाबायला गेलो तर त्याचा पाय डाव्यावर लाकडासारखा घट्ट. मी दोन्ही थ्रॉटल मागे ओढले आणि नाक खाली घातलं. पंख सरळ झाले तेव्हा समोर ऊस होता, खाली किती फूट उरले होते ते मी मीटरवर बघितलं नाही. मिक्श्चर पुढे केलं, इंजिनाने पकडलं, आम्ही वर आलो. उतरल्यावर तो मुलगा सॉरी म्हणत होता. सॉरी मी म्हणायला हवं होतं, आणि नंतर म्हटलंही.

तेव्हापासून माझे नियम ठरले. खऱ्याखुऱ्या बंद इंजिनाचा सराव जमिनीपासून तीन हजार फुटांच्या वर. खाली असताना फक्त थ्रॉटल हळू मागे आणून झिरो थ्रस्ट, म्हणजे इंजिन चालू पण ओढ शून्य. आणि रनवेवरचा सराव व्हीएमसीच्या निम्म्या वेगाच्या आत.

त्या दिवशी वाचलो ते दोन्ही थ्रॉटल मागे ओढल्यामुळे. जे हातून होणं सगळ्यात अवघड, तेच. विमान जमिनीजवळ कलतंय आणि तुम्ही चालू इंजिनाची ताकद काढून घेताय, नाक खाली घालताय. सगळं शरीर नको म्हणतं.

निळी_रेघ

सातमाळा सर, हे लिहायला धीर लागतो. तुमचा प्रतिसाद मी उद्या ब्रीफिंग रूममध्ये वाचून दाखवणार आहे, तुमची हरकत नसेल तर.

सातमाळा

जरूर दाखवा.

गगनपाऊल

सरांच्या प्रतिसादावरून ॲडिसन आठवलं. ३० जून २०१९, टेक्सास. किंग एअर ३५०, टेकऑफ घेताच डाव्या इंजिनाचा जोर गेला. विमान डावीकडे वळून कलत गेलं आणि हँगरवर कोसळलं, दहाजण गेले. एनटीएसबीच्या (अमेरिकेच्या अपघात तपास संस्थेच्या) तपासात दिसलं की आधी डावं रडर दाबलं गेलं होतं, म्हणजे ज्या इंजिनाचा जोर गेला त्याच बाजूचं. नंतर उजवं आलं, तोवर उशीर झाला होता. किंग एअर हलकं ट्विन म्हणता येणार नाही, पण पायाची चूक तीच.

दुसरं ट्रान्सएशिया २३५, तैपेई, ४ फेब्रुवारी २०१५. एटीआर ७२. टेकऑफनंतर उजव्या इंजिनाचा प्रोपेलर आपोआप फेदर झाला आणि वैमानिकाने चालू असलेलं डावं इंजिन मागे घेऊन बंद केलं. ५८ पैकी ४३ जणांचा जीव गेला. कॉकपिटमध्ये अनुभवी माणसं होती.

म्हणून मी एक हट्ट धरतो. ‘ओळखणं’ आणि ‘खात्री करणं’ यांत श्वास घेण्याएवढं अंतर ठेवा. जो पाय रिकामा तिकडचं इंजिन मेलं, ही ओळख. पण लगेच फेदर नाही. त्या बाजूचा थ्रॉटल हळूहळू पूर्ण मागे आणा. काहीच बदललं नाही, पायावरचा दाब तेवढाच राहिला, आवाज तोच राहिला, तर बरोबर. आवाज पडला किंवा नाक हललं, तर चुकीचा धरलाय, पुढे करा.

रडर_ट्रिम

गगनपाऊल, सहमत, पण एक भर. नव्या मुलांना सुई बघून इंजिन ओळखायची सवय असते. ती मोडायला हवी. बंद इंजिनाचा प्रोपेलर वाऱ्याने फिरत असतो, गव्हर्नर (प्रोपेलरचे फेरे स्थिर ठेवणारं यंत्र) आरपीएम धरून ठेवतो, आणि मॅनिफोल्ड प्रेशरची (इंजिनात जाणाऱ्या हवेच्या दाबाची) सुई बाहेरच्या हवेचा दाब दाखवते. दोन्ही सुया बऱ्यापैकी नॉर्मल दिसतात. इंजिन मेलेलं असतं आणि मीटर म्हणतं ठीक आहे. फ्युएल फ्लो आणि एक्झॉस्टचं तापमान खरं सांगतात, पण तीनशे फुटांवर तिकडे बघत बसायला वेळ कुणाला आहे. पाय आधी कळवतो.

आणि कलतं ठेवण्याबद्दल कुणी लिहिलं नाही. चालू इंजिनाकडे दोन-तीन अंश कल, आणि बॉल (विमान तिरकं घसरतंय का ते दाखवणाऱ्या मीटरमधली गोळी) अर्धा त्याच बाजूला सरकलेला. विद्यार्थी बॉल मधोमध आणायला धडपडतात कारण पहिल्या दिवसापासून तसंच शिकवलेलं असतं. पण पंख सपाट आणि बॉल मधोमध ठेवलात तर विमान तिरकंच घसरत जातं आणि ती आठ हजारांची शिल्लक तिथेच संपते. शिवाय लाल रेघ पाच अंशांपर्यंतच्या कलाला काढलेली असते. कल कमी केलात की खरी व्हीएमसी अंशामागे ३ नॉटपर्यंत वर सरकते. ६६ आहे म्हणून ७० वर निर्धास्त असलेल्याचे पंख सपाट असतील, तर तो कदाचित व्हीएमसीच्या खालीच उडतोय.

वाळवंटी_पाखरू

रडर_ट्रिम, हे पहिल्यांदाच कुणी असं सांगितलं. आमच्याकडे ‘अर्धा बॉल’ एवढंच म्हणतात, कारण कुणी सांगत नाही.

अजून एक विचारू? उंचीवर व्हीएमसी कमी होते असं वाचलं. मग उंचीवर व्हीएमसीचा डेमो (मुद्दाम त्या वेगापर्यंत जाऊन दाखवणं) जास्त सुरक्षित ना?

रडर_ट्रिम

नाही, इथे सांभाळ. टर्बो नसलेल्या इंजिनाचा जोर उंचीवर कमी होतो, म्हणून नाक वळवण्याची त्याची ताकदही कमी, म्हणून व्हीएमसी खाली येते. स्टॉलचा वेग मीटरवर मात्र तोच राहतो. एका उंचीला दोन्ही वेग एकमेकांवर येतात. त्याच्या वर तू डेमो करत गेलीस तर रडर संपण्याआधी पंख स्टॉल होईल, एका बाजूला पूर्ण जोर असताना. तिथून स्पिन, म्हणजे गरगरत खाली. आणि या वर्गातल्या ट्विनना स्पिनमधून बाहेर काढून दाखवण्याची अट नव्हती. स्टॉलची शिटी वाजली, थरथर जाणवली किंवा नाक सुटलं, यातलं जे पहिलं होईल तिथेच थांबायचं: जोर कमी, नाक खाली. तुझ्या त्या ५१०० फुटी दुपारी तर नक्कीच.

पैलवानाची_आई

मी वाचतेय सगळं. माझा मुलगा गोंदियाकडे शिकतोय, डीए-४२ या दोन इंजिनांच्या विमानावर. इथे वाचून जीव खालीवर झाला. स्पष्ट विचारते: मग दोन इंजिनांपेक्षा एकच बरं का?

निळी_रेघ

ताई, तुमचा प्रश्न रास्त आहे, उत्तर सरळ देतो. टेकऑफनंतरचं पहिलं अर्धं मिनिट सोडलं तर दोन इंजिनं केव्हाही चांगली. समजा तुम्ही पावसाळ्याच्या तोंडावर पुण्याहून कोकणात चाललात, नऊ हजार फुटांवर. एक इंजिन गेलं. सेनेकाला काय, डीए-४२ ला काय, घाईचं कारण नाही. आपलं सर्वांत उंच कळसूबाई साधारण ५४०० फूट. लागलंच तर विमान एका इंजिनावर हळूहळू जिथे टिकतं त्या उंचीला उतरेल, तोवर इंधनाचा पंप, टाकीचा सिलेक्टर, सेनेकात मॅग्नेटो (ठिणगी देणारं यंत्र), पर्यायी हवा, सगळं तपासून बघता येतं. बऱ्याचदा इंजिन परत सुरूही होतं. सिंगल असतं तर त्या घाटात उतरायला जागा शोधावी लागली असती. रात्री समुद्रावर असाल तर विचारूच नका.

अवघड असतं ते सुरुवातीचं. आणि त्या अर्ध्या मिनिटासाठीच मुलांकडून शेकडो वेळा घोटून घेतलं जातं.

तेलकट_हात

ताई, डीए-४२ बद्दल मी सांगतो. त्यात आमच्या सेनेकासारखे सहा लिव्हर नाहीत, दोनच. मिक्श्चर आणि प्रोपेलर कॉम्प्युटर सांभाळतो. फेदर करायचं तर त्या बाजूचा इंजिन मास्टर हा स्विच बंद करायचा, बस. परवाच्या त्या मुलाच्या हाताची चूक तिथे होऊ शकत नाही. विमान जेट-ए-वनवर (जेट विमानांच्या इंधनावर) चालतं, त्यामुळे ॲव्हगॅसची (विमानाच्या पेट्रोलची) ओढाताण नाही.

फक्त त्याला एक सांगा, कारण कॉम्प्युटरला वीज लागते. मार्च २००७ मध्ये जर्मनीत श्पायरला एका डीए-४२ ची बॅटरी उतरलेली होती. तशीच इंजिनं बाहेरच्या विजेवर सुरू केली. मॅन्युअलमध्ये याला परवानगी नव्हती. टेकऑफनंतर गिअर आत घेताना क्षणभर विजेचा दाब पडला, दोन्ही इंजिनांचे कॉम्प्युटर रीसेट झाले, दोन्ही प्रोपेलर फेदर झाले. दोन इंजिनं, दोन्ही धडधाकट, आणि दोन्ही एकाच क्षणी बंद. सुदैवाने आतली माणसं बचावली, आणि नंतर वीजपुरवठ्यात सुधारणाही झाल्या. म्हणून सकाळी बॅटरी मेलेली आढळली तर जुगाड करून सुरू करायचं नाही, मेकॅनिकला हाक मारायची. आम्ही त्यासाठीच असतो.

पैलवानाची_आई

काल रात्री फोन झाला. मी बॅटरीचं विचारलं तर तो गप्पच झाला, मग म्हणाला, "आई, तुला हे कुणी सांगितलं?" त्यांच्या वर्गात श्पायरचं शिकवलंय म्हणे. मग अर्धा तास तोच मला सांगत बसला, कुठला पाय, कुठला मास्टर. मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून पाय हलवून बघत होते. डावं गेलं की उजवा पाय. बरोबर ना?

सातमाळा

बरोबर, ताई. माझ्या त्या विद्यार्थ्याला हे स्टुलावर बसवून शिकवायला हवं होतं मी.

निळी_रेघ

परवाच्या मुलाची बातमी. चार दिवस तो हँगरमध्ये बंद विमानात बसून सराव करत होता, डोळ्यांवर रुमाल बांधून. आज चार हजार फुटांवर मी खरोखर डावं इंजिन बंद केलं. उजवा पाय आत, नाक थांबलं, तीन अंश कल. तोंडाने म्हणाला, "डावा पाय रिकामा, डावं इंजिन." थ्रॉटल मागे, काही बदललं नाही. हात निळ्या डाव्या मुठीवर गेला आणि तिथे थांबला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "सर, डावा प्रोपेलर, फेदर करतोय." पाती मंदावली, वळली आणि उभी राहिली. इतक्या जवळून थांबलेलं पातं त्याने पहिल्यांदाच पाहिलं, टोकावरचा पिवळा पट्टासुद्धा वाचता येईल इतकं स्थिर. वेग ९० होता. चढण दिसली मिनिटाला शंभर-सव्वाशे फूट, आणि ती धरून ठेवायला त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

वाळवंटी_पाखरू

निळी_रेघ सर, अभिनंदन तुमच्या विद्यार्थ्याचं.

माझंही सांगते. दुपारची स्लॉट मी बदलून पहाटेची घेतली. साडेपाचला ३० डिग्री होतं. १८ डिग्री जास्त, म्हणजे २१६० फूट, त्यात १५०० मिळवले तर ३६६०. सीलिंगच्या आत, पण जेमतेम, आणि तेही विमान आणि पायलट दोघंही अगदी नवे असल्यासारखं धरून. इन्स्ट्रक्टरला कागद दाखवला. मागच्या सीटवर बघायला म्हणून बसलेला मित्र उतरला, आणि इंधन पूर्ण न भरता निम्मं घेतलं.